पाकाची ओळ गाळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत दिवाळीच्या निमित्तानं ‘झटपट अधिरसम’ ही तांदूळ-गुळाच्या, तळलेल्या तमिळ गोड पदार्थाची कृती आली होती. सोमवारी सकाळी माझ्या सुनेनं ती करायला घेतली. दहाच्या सुमारास तिनं मला स्वयंपाकघरातून हाक मारली आणि त्या हाकेवरूनच काहीतरी बिनसल्याचं कळलं. जाऊन पाहते तर कढईत अधिरसम नव्हतेच. चार सोडले होते, चारही विरघळले होते. शेंगदाण्याच्या तेलावर तपकिरी फेस आला होता, फेसात पिठाचे कण गरगरत होते आणि तळाशी गूळ बसून काळा पडत होता. जळक्या गुळाचा वास जिन्यापर्यंत गेला होता. तुपात अनारसा फुटून पसरला की आपण ‘अनारसा हसला’ म्हणतो. हसलेला अनारसा निदान झाऱ्यावर गोळा करता येतो. इथे गोळा करण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

सून मूळची नडियादची, गुजराती घरातली. लग्नानंतर तिनं मराठी वाचायला शिकून घेतलं आणि त्यासाठी आपल्या पुरवणीचं पाककृतीचं पानच हाताशी धरलं. कागदावर बोट ठेवून ती एकेक ओळ वाचते आणि एकेक ओळ तशीच्या तशी करते. ‘आई, माझं कुठे चुकलं?’ असं तिनं विचारलं तेव्हा मी कृती दोनदा वाचून काढली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. छापलं होतं तसंच तिनं केलं होतं. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

छापलेली कृती अशी होती: दोन वाट्या तांदळाची तयार पिठी, दीड वाटी किसलेला गूळ, चिमूटभर सोडा आणि वेलची. पाण्याच्या हातानं मळायचं, दहा मिनिटं झाकून ठेवायचं, थापायचं आणि तळायचं. वर एक वाक्य होतं, ‘अधिरसम म्हणजे दक्षिणेचा अनारसाच!’ त्या वाक्यात थोडं खरं आहे. खालच्या कृतीत मात्र अधिरसमही नाही आणि अनारसाही नाही.

मी दांडियाबाजारातल्या एका जुन्या वाड्यात राहते. माहेर साताऱ्याचं. १९८१ साली लग्न होऊन बडोद्याला आले ती इथलीच झाले. बावीस वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या. अनारसे हा त्यातला माझा हातखंडा. दर अधिक महिन्यात आजूबाजूच्या घरांतून जावयांच्या वाणासाठी तेहतीस-तेहतीस अनारशांची मागणी यायची. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा ऐन पावसात पंख्याखाली तांदूळ सुकवून मी माझ्या जावयाचं वाण केलं. हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी की तळणातलं मी उगाच ऐकीव बोलत नाही.

अधिरसम मात्र मी मामींकडून शिकले.

मामी आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायच्या. यजमान कोयलीच्या रिफायनरीत होते. गाव कुंभकोणम, म्हणजे तंजावरच्या जवळचंच. त्यांच्याकडे शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला मामी म्हणतात. आपल्याकडेही मामी असतेच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून हाक जुळली. त्या मला वहिनी म्हणायच्या, कारण सगळा वाडा मला वहिनी म्हणायचा. पहिली दोन वर्षं आमचं बोलणं मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांत चालायचं. पुढे त्यांना मराठी चांगलं यायला लागलं, पण स्वयंपाकातले शब्द त्यांनी कधी बदलले नाहीत. त्या ‘अदिरसम’ म्हणायच्या. आपण छापलंत तसं मी इथे अधिरसमच लिहिते.

१९८३ च्या दिवाळीत मी त्यांना अनारसे नेऊन दिले. त्यांनी एक मोडून आतली जाळी पाहिली, खसखशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, हे आमच्याकडे होतं, पण असं नाही होत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं.

अनारशाचे तांदूळ आपण तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो. त्यांना किंचित आंबूस वास येतो. मग निथळून, कापडावर सुकवून, कुटून, चाळून त्यात वजनाला वजन साखर किंवा गूळ घालतो, तुपाचा हात लावून गोळे करतो आणि डब्यात मुरवत ठेवतो. गूळ विस्तवावर जातच नाही. मामींचे तांदूळ भिजले फक्त दोन तास. जे काम आपण तीन दिवसांच्या भिजवण्यावर सोपवतो, ते त्या पाकावर सोपवत होत्या. दोन्ही पदार्थ बहिणी खऱ्या, पण एकीची रीत दुसरीला लावली की दोन्ही बिघडतात. आपल्या कृतीत तीन दिवसांचं भिजवणंही नाही आणि पाकही नाही. मग पीठ आणि गूळ एकमेकांना धरणार कशाच्या जोरावर?

आता मामींची रीत सविस्तर लिहिते. आपण दुरुस्ती छापलीत तर त्यातलं उपयोगी पडेल.

तांदूळ साधा, कच्चा. उकडा तांदूळ चालत नाही, बासमतीही नको. मी इथला कोलम घेते. एक किलो तांदूळ धुऊन दोन तास भिजवायचा, चाळणीत पूर्ण निथळू द्यायचा आणि घरातच सुती पंचावर पसरायचा. उन्हात ठेवायचा नाही. पंख्याखाली वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. तांदूळ हाताला चिकटायचा थांबला पाहिजे, पण दाणा दाताखाली धरला तर आत ओल असली पाहिजे. ही ओल हा सगळ्या पदार्थाचा पाया आहे. दळल्यावर पिठाची मूठ वळून पाहायची: मूठ वळली पाहिजे आणि बोट लावताच फुटली पाहिजे. मूठ वळलीच नाही तर पीठ वाळलं, आणि फुटली नाही तर पाणी जास्त राहिलं.

विकतची पिठी इथेच बाद होते. ती वाळलेल्या तांदळाची, कोरडी दळलेली असते. तिला पाण्याची इतकी तहान असते की पाक घातला तर पाक पिऊन दगड होते आणि पाणी घातलं तर चिखल होते. ओल्या तांदळाचं पीठ आधीच भिजलेलं असतं, त्यामुळे ते पाक बेतानं घेतं आणि मऊ राहतं.

हे पीठ चक्कीवर दळून आणायचं म्हटलं तर कोणी घेत नाही, कारण ओलसर तांदळानं जात्याची तोंडं बसतात. बडोद्यात घरोघरी घरघंटी आहे. ओला तांदूळ घालून मी एकदा घरची घंटी बंद पाडली आहे. आतल्या जाळीत पीठ लिंपलं आणि ते खरवडून काढायला दुपार गेली. मिक्सरमध्ये दोन-दोन मुठी घालून फिरवावं आणि बारीक चाळणीनं चाळावं. वर राहिलेला रवा पुन्हा फिरवावा. चाळलेलं पीठ ताटात उघडं न ठेवता डब्यात दाबून झाकून ठेवावं, नाहीतर पाक होईपर्यंत ते वाळतं.

आता पाक. एक किलो तांदळाला पाऊण किलो गूळ. मामींना पिवळाधमक गूळ आवडत नसे. त्या खंडेराव मार्केटातून काळसर, मऊ गूळ आणायच्या आणि आणताना चाखून घ्यायच्या. गूळ बुडेल न बुडेल इतक्या पाण्यात विरघळवायचा, फडक्यातून गाळायचा म्हणजे खडे आणि काड्या निघून जातात, आणि मग पुन्हा चुलीवर ठेवायचा.

त्या वेळी मामींनी माझ्या हातात पाण्याची वाटी दिली. पाकाला मोठे बुडबुडे होते, त्यांनी पळीनं एक थेंब वाटीत सोडला. तो पसरला. मिनिटभरानं दुसरा. तो तळाशी गेला, पण बोटानं गोळा होईना. तिसरा तळाशी बसला आणि बोटांत धरून वळवला तर त्याची मऊ गोळी झाली, दाबली की चपटी होणारी. त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. ‘तक्काळी पदम’, त्या म्हणाल्या. तक्काळी म्हणजे टोमॅटो, पदम म्हणजे तो नेमका टप्पा. पिकलेला टोमॅटो बोटांना जेवढा मऊ लागतो तेवढी मऊ गोळी. आणखी दोन मिनिटं गेली असती तर ती वाटीच्या कडेवर टणकन वाजली असती, आणि तो पाक चिक्कीचा झाला असता. मामी पाकाला ‘पागु’ म्हणायच्या. आपला पाक आणि त्यांचा पागु कानाला इतके जवळ की मला तो शब्द कधी परका वाटला नाही.

आपल्या भाषेत हा गोळीबंद पाक, पण मऊ गोळीचा. माझ्या मुलीनं पुढे एकदा थर्मामीटर लावून पाहिलं. ११२ ते ११६ अंश सेल्सिअसच्या मध्ये ही गोळी होते. तरी वाटीतल्या पाण्याची खूण जास्त भरवशाची, कारण ती प्रत्येक घरात आहे.

गोळी झाली की गॅस लगेच बंद. वेलचीची पूड आणि थोडी सुंठ घालायची. मग पीठ एकदम ओतायचं नाही. एकीनं मुठीमुठीनं घालायचं आणि दुसरीनं लाकडी कालथ्यानं घोटत राहायचं. मामी घालायच्या, मी घोटायचे. सगळं पीठ लागेलच असं नाही, वाटीभर मागे राहू द्यावं. गरम असताना मिश्रण पातळसर, शिऱ्यापेक्षा सैल दिसायला हवं. पहिल्या वेळी मला ते फार सैल वाटलं आणि मी उरलेलं पीठ घालायला हात पुढे केला, तेव्हा मामींनी माझं मनगट धरलं. थंड झाल्यावर ते आपोआप घट्ट होतं. गरम पाकात पीठ अर्धवट शिजतं आणि पाक त्याच्यात शिरतो. दुसऱ्या दिवशी हात लावला तर तेच मिश्रण पुरणासारखं मऊ आणि एकजीव झालेलं असतं. वर चमचाभर तूप फिरवून झाकून ठेवायचं, निदान एक रात्र. मामी तीन दिवस ठेवायच्या. तिसऱ्या दिवशीचा अधिरसम पहिल्या दिवशीच्यापेक्षा नक्की चांगला होतो, हे मी दोन्ही खाऊन सांगते.

तळायच्या दिवशी त्या केळीच्या पानावर थापायच्या. आम्ही दुधाची पिशवी कापून, धुऊन, तुपाचा हात लावून वापरतो. लिंबाएवढा गोळा, पुरीपेक्षा जाड थापायचा. तेल मध्यम तापलेलं असावं आणि एका वेळी एकच सोडावा, फार तर दोन. तो तळाशी जातो, मग हलके फुगून वर येतो. उलटायचा, दोन्ही बाजूंनी तांबूस होऊ द्यायचा. अनारसा आपण उलटत नाही, खसखशीची बाजू वर ठेवून झाऱ्यानं तूप उडवतो. हा आणखी एक फरक. बाहेर काढताना अधिरसम दोन झाऱ्यांच्या मध्ये धरून कढईवरच दाबायचा. दाबला की तेलाची धार लागते. ते दाबणं विसरलं तर खाणाऱ्याच्या हाताला तेल लागतं आणि पदार्थ उगाच बदनाम होतो.

आणि पहिला नेहमी एकटा तळायचा. तो फुटला तर मागे ठेवलेल्या वाटीतलं थोडं पीठ मिसळायचं. कडक झाला तर पाक पुढे गेलेला असतो. मग गोळ्याला कोमट दुधाचा हात लावून मळून घ्यायचं. एवढी दोन वाक्यं जरी आपल्या कृतीच्या शेवटी असती तरी माझ्या सुनेचं सामान वाचलं असतं. उरलेलं पीठ टाकवेना म्हणून मी त्यात कणीक मिसळून गोड पुऱ्या केल्या आणि मुलांनी त्या खाल्ल्याही, पण ती बिचारी त्या दिवशी जेवताना काही बोलली नाही.

पाककृतीत जिन्नस आणि माप लिहिलं की काम झालं असं आपल्या पानावर हल्ली वरचेवर दिसतं. तांदूळ, गूळ, वेलची, तेल ही यादी कोणीही देईल. करणाऱ्याला हवं असतं ते हे की कुठल्या क्षणी हात थांबवायचा, आणि बिघडलं तर काय करायचं. आमच्या आधीच्या बायकांना ते आईच्या, सासूच्या शेजारी उभं राहून मिळायचं. माझ्या सुनेसारख्या मुली, ज्यांच्या माहेरी हा पदार्थ होतच नाही, त्या छापील अक्षरावर विसंबून असतात. ‘झटपट’ शब्दाबद्दल माझी वेगळी तक्रार आहे. ढोकळा झटपट होईल, शिरा होईल. ज्या पदार्थाचं सत्त्वच मुरण्यात आहे त्याला हा शब्द लावला की नेमकी मुरण्याचीच ओळ कापली जाते. वेळ नसेल तर माणसानं दुसरा पदार्थ करावा, बुंदी विकत आणावी, त्यात काही कमीपणा नाही. वेळ न देता हाच पदार्थ होतो असं छापणं मात्र चुकीचं आहे.

नासाडीपेक्षा मोठी भीतीही आहे. त्याच पानावर कोपऱ्यात ‘लवकरच: गुळाचे सीडै’ असं लिहिलं आहे, ते वाचून मी खरोखर धास्तावले. सीडै म्हणजे तांदळाच्या आणि थोड्या उडदाच्या पिठाच्या छोट्या गोळ्या, गोकुळाष्टमीला तमिळ घरांत करतात. तिखटमिठाच्या वेगळ्या, गुळाच्या वेगळ्या. गुळाच्यांना वेल्ल सीडै म्हणतात. ही गोळी कढईत फुटते, आणि फुटते म्हणजे फटाक्यासारखी उडते. बाहेरचं कवच आधी कडक होतं, आतल्या ओलीची वाफ कोंडते, वाट मिळाली नाही की गोळी तेलासकट बाहेर येते. मामींनी बजावलं होतं: पीठ आधी भाजून घ्यायचं, उडदाचं पीठ दोनदा चाळायचं, गोळी हलक्या हातानं वळायची, अगदी गुळगुळीत करायची नाही, कापडावर वाळवायची आणि प्रत्येकीला सुईनं टोचायचं. १९८७ च्या अष्टमीला त्या गावी गेल्या होत्या आणि मी एकटीनं घाट घातला. उडदाचं पीठ घाईत एकदाच चाळलं, टोचायचं राहिलं. पाचव्या मिनिटाला तीन गोळ्या एकामागून एक उडाल्या. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा डाग आजही आहे. माझा मुलगा तेव्हा दोन वर्षांचा होता आणि नशिबानं पलीकडच्या खोलीत झोपला होता. सीडैची कृती छापायची असेल तर चाळणं, वाळवणं आणि टोचणं या ओळी मोठ्या अक्षरांत छापा, आणि कढईजवळ लहान मूल नको हेही. जागा कमी असेल तर फोटो लहान करा.

दक्षिणेतले सगळेच गोड तळण एवढं नाजूक नाही, हेही सांगायला हवं. सुय्यम आपल्या बायकांना सहज जमेल: चणाडाळीच्या पुरणात खोबरं घालून गोळ्या करायच्या, पातळ पिठात बुडवून तळायच्या. पुरण तर आपल्या हातचं. सोमासी म्हणजे करंजीच. केरळचे उण्णीअप्पम आप्पेपात्रात तुपावर होतात, त्यात पिकलं केळं असतं. हे आधी द्या. नवशिक्यांना तिथून सुरुवात करू द्या.

‘दक्षिणेचा’ या शब्दाबद्दलही थोडं लिहिते, कारण बडोद्याच्या माणसाला तो शब्द तितका लांबचा नाही. तिसऱ्या सयाजीराव महाराजांचं पहिलं लग्न १८८० साली तंजावरच्या मुलीशी झालं. त्या आमच्या पहिल्या महाराणी चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी आणि साथीदार इथे आले, आणि दक्षिणेचं नृत्य बडोद्यात पोचलं ते त्या वाटेनं. १८८५ साली, ऐन तारुण्यात, त्या गेल्या. रावपुऱ्यातला घड्याळाचा टॉवर १८९६ साली त्यांच्या नावानं उभा राहिला. मी भाजीला जाते ती रोज त्याच्या सावलीतून जाते. तंजावरात तर सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे भाऊ व्यंकोजीराजे राज्य करत होते आणि पुढे पावणेदोनशे वर्षं ती गादी भोसल्यांची राहिली. मामींना हे सगळं पाठ होतं. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पोथ्या आहेत हे मला त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं. आम्ही दोघी टॉवरखालून जायचो तेव्हा त्या वर बघून म्हणायच्या, ही आमची मुलगी. मी म्हणायचे, आमची सून. त्यावर दोघींचं एकमत व्हायचं.

म्हणून आपल्या पानावरचं ‘दक्षिणेचा अनारसाच’ हे वाक्य मला खुपलं. नातं दाखवायचं तर नीट दाखवा. हाच तांदूळ-गुळाचा पदार्थ कर्नाटकात कज्जाय होतो, तेलुगू घरांत तीळ लावून अरिसेलु होतो आणि संक्रांतीला हमखास असतो, ओडिशात अरिसा पिठा, छत्तीसगडात आणि गढवालात अरसा, बिहारात अनरसा. नावं ऐकली तरी कळतं की एकाच घरच्या मुली ठिकठिकाणी नांदायला गेल्या आहेत. प्रत्येक घरानं त्यांना आपलं वळण लावलं: कुणी तीळ, कुणी खसखस, कुणी पाक, कुणी नुसतं मुरवणं. हे वळण लिहिलंत तर वाचणारीला दोन्ही पदार्थ कळतील. कुंभकोणमला मामींच्या घरी लग्नात मुलीकडून जी भक्षणांची, म्हणजे फराळाच्या पदार्थांची, ताटं जात, त्यांत अधिरसम असे आणि श्राद्धाच्या पानावरही असे. असा पदार्थ त्या घरात हयगयीनं कोणी करत नाही.

१९९६ मध्ये यजमान निवृत्त झाल्यावर मामी कुंभकोणमला परत गेल्या. जाताना त्यांनी मला त्यांचा एक पितळी झारा दिला. दांडा थोडा वाकलेला आहे, दाबून दाबून. आता त्या नाहीत. सोमवारी सुनेची कढई घासून झाल्यावर मी तो माळ्यावरून काढला आणि चिंच लावून उजळवला. मंगळवारी आम्ही दोघींनी मिळून तांदूळ भिजवले. पाकाच्या वेळी वाटी मी तिच्या हातात दिली आणि मी स्वतः बोट लावलं नाही. तिचे चार थेंब वाया गेले, पाचव्याची गोळी झाली. ती तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि विचारलं, ‘आई, टोमॅटो?’ मी हो म्हटलं. पीठ मी मुठीमुठीनं घातलं, घोटलं तिनं. आज शुक्रवार. डबा तीन दिवस झाकलेला आहे. उद्या सकाळी पहिला एक तळून बघणार आहोत.

आपल्याला विनंती एवढीच आहे. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी दुरुस्ती छापा. त्यात चार गोष्टी तरी याव्यात: तांदूळ भिजवून ओलसर दळायचा, विकतची पिठी आणि सोडा नको, गुळाचा मऊ गोळीचा पाक हवा, आणि पीठ निदान एक रात्र मुरायला हवं. कृती पाठवणाऱ्या ताईंना दोष देऊ नका. त्यांनी कदाचित नीट लिहूनही पाठवलं असेल आणि जागेसाठी काटछाट झाली असेल. आमच्याकडे बडोद्याला आपला अंक रावपुऱ्यातल्या एका पेपरवाल्याकडे दुसऱ्या दिवशी येतो. दिवाळीला तीन आठवडे आहेत. या रविवारी छापलंत तर सोमवारी इथे मिळेल, आणि ज्यांना पुन्हा करून बघायचं आहे त्यांना तांदूळ आणायला, पाकाचा एक घाणा चुकायला आणि पीठ तीन दिवस ठेवायला पुरेसा वेळ राहील.

कळावे,
आपली नियमित वाचक
दांडियाबाजार, बडोदे